मुक्कामाची गाडी

पाणी शिरलं ते केबिनच्या डोक्यावर जो बर्थ असतो, त्याच्या कोपऱ्यातून. आमच्या मोटरहोमच्या कपाळावर पाच छोटे नारिंगी दिवे आहेत. त्यातल्या एकाभोवतीचं सीलंट तडकलं, आणि पावसाचं, वितळत्या बर्फाचं पाणी थेंबाथेंबानं आत झिरपत राहिलं. या गाड्यांची भिंत म्हणजे बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, आत प्लायवूड, मध्ये फोम, सगळं गोंदानं दाबून बसवलेलं. गोंद भिजला की भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी भिंत सुटत जाते. वर्कशॉपमधल्या माणसानं बर्थच्या फळीवर स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. त्यानं तो सावकाश बाहेर काढला, फडक्यानं पुसला, आणि मग खर्चाचं बोलायला लागला.

हे वर्कशॉप इंडियानात, एल्खार्टच्या बाजूला. अमेरिकेतल्या बहुतेक मोटरहोम याच पट्ट्यात बनतात, त्यामुळे इथल्या कारागिरांना त्यांची नाडी कळते. अंदाज निघाला 14,000 डॉलर. आमच्या 2003 च्या गाडीला बाजारात तेवढा भावही नाही. इंजिन मात्र ठणठणीत. फोर्डचं व्ही-टेन, पहिल्या चावीला सुरू झालं, आणि मनात ठरवून गेलेलं सगळं डळमळलं.

मुलगा फोनवर म्हणाला, “आई, भावनेच्या भरात पैसे घालू नकोस.” त्याचं चुकत नाही. पण ही गाडी घरात आली तीच भावनेच्या भरात.

हे तिला ‘मुक्कामाची गाडी’ म्हणायचे. माझे सासरे एसटीत ड्रायव्हर, सांगली डेपोला. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन आडगावी जायचं, पारापाशी गाडी लावायची, ड्रायव्हर-कंडक्टरनं आतच पथारी टाकायची, आणि पहाटे दुधाच्या किटल्या नि कॉलेजची पोरं घेऊन परतायचं. सुट्टीत हेही अशा मुक्कामाला जायचे. गावातून कुणीतरी भाकरी-कालवण आणून द्यायचं, ते खाऊन मागच्या लांब बाकावर झोपायचं. गाडी थांबेल तिथं अंथरूण, हे सुख त्यांच्या अंगात तेव्हापासून मुरलेलं. पन्नाशी उलटल्यावर मिशिगनमध्ये त्यांनी ही जुनी गाडी घेतली, ती त्यासाठीच.

अण्णा, म्हणजे सासरे, एकदाच इकडे आले. त्यांना घेऊन आम्ही उत्तरेला निघालो होतो. वाटेत मॅकिनॉचा पूल लागतो. 1957 साली खुला झालेला, आठ किलोमीटर लांब, मिशिगन आणि ह्युरॉन ही दोन सरोवरं जिथं मिळतात त्या पाण्यावर टांगलेला. वारा फार सुटला की उंच गाड्यांना अलीकडेच थांबवतात आणि पुलाची गाडी पुढे घालून ताशी वीस मैलांनी पलीकडे नेतात. त्या दिवशी आमच्यावर ती वेळ आली. गाडी अंगानं डुलत होती. यांनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलेलं की बोटांची पेरं पांढरी पडली. अण्णा शेजारच्या सीटवर, उजवा पाय ब्रेकच्या जागी रोवून बसलेले. निम्मा पूल ते एक अक्षर बोलले नाहीत. मग म्हणाले, “हात सैल सोड. मागं उतारू बसलेत.” मागं मी आणि आमचा मुलगा. यांनी हात सैल सोडले, आणि गाडी खरंच सरळ चालायला लागली. पलीकडे पोचल्यावर अण्णा खाली उतरले आणि सहाही टायरांवर हात फिरवून आले.

गोठणीच्या आधी हे पाण्याच्या पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ भरायचे. एकेक नळ उघडून गुलाबी धार येईपर्यंत बघायचे. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात त्यांनी ते भरलं, आणि त्याच महिन्यात ते गेले. वसंतात मी गाडीत गेले, ओट्यावरचा नळ सोडला. गुलाबी पाणी आलं. माणूस नव्हता आणि त्यानं हिवाळ्याची केलेली सोय पाइपांत शाबूत होती. मी नळ बंद केला आणि तिथंच ओट्याला टेकून खूप रडले.

तेव्हापासून गाडी उभी आहे. दर वसंतात छतावर चढून सीलंट तपासणारं कुणी नाही. दुरुस्त करून पुन्हा अंगणात लावली, तर ती पुन्हा कुजेल. उभ्या गाडीचं रबर वाळतं, पेट्रोल शिळं होतं, उंदीर वायरी कुरतडतात. एवढी मोठी गाडी मी चालवणार नाही, आणि नुसती आठवण म्हणून तिला सडू देणं मला यांचा अपमान वाटतो.

एक तरुण जोडपं ती घेतंय. नवरा सुतारकाम करतो, पुढचा भाग सगळा उचकटून नव्यानं बांधणार म्हणतो. मी त्याला स्क्रूड्रायव्हरचं भोक दाखवलं, काही लपवलं नाही. बर्थ आता त्याच्या हाती. टायर मात्र मी नवे घालून दिले. जुन्यांची नक्षी अजून नव्यासारखी होती, पण कडेला कोरलेल्या आकड्यांतले शेवटचे चार 1816, म्हणजे 2016 सालातला अठरावा आठवडा. रबर न झिजताही म्हातारं होतं. सात वर्षांपुढे हे कधी टायर चालवत नसत. ते असते तर 2023 मध्येच नवे आले असते.

“विकायच्या गाडीला नवे टायर कशाला?” मुलानं विचारलं.

“त्यांना दोन लहान मुलं आहेत,” मी म्हटलं. “पावती गाडीच्या कागदांत ठेवली आहे.”