भुसावळला मुक्काम

एप्रिलचं ऊन चढायच्या आत बोदवडहून जामनेरची एस.टी. पकडली. कापूस केव्हाच वेचून झालेला, बांधाबांधाला उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग. पुढे पहूर, वाकोद आणि गाडी बदलून फर्दापूर.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी लगेच दिसत नाही, अंधाराला डोळे सरावावे लागतात. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल 1845 मध्ये इथं आला तो अशा अंधारातच वर्षानुवर्षं रमला. मुलूख निजामाचा, हुकूम ईस्ट इंडिया कंपनीचा : भिंतींवरची चित्रं उतरवून विलायतेला धाडायची. भिंती जागच्या हलणार नव्हत्या, म्हणून मालकी सांगायला नकला हव्या होत्या. गिलनं त्या भल्यामोठ्या कॅनव्हासांवर तैलरंगात केल्या.

1858 मध्ये कंपनीचं राज्य गेलं, चित्रं राणीच्या सरकारची झाली. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती मांडली होती. डिसेंबर 1866 च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. तिथं टांगलेली नव्हती म्हणून मोजकी वाचली, ती आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, पुन्हा नकला झाल्या. लंडनला गेलेल्या त्यांतल्याही कित्येक 1885 च्या आगीत गेल्या. अस्सल चित्रं मात्र पोपडे सोसत इथंच.

घाट चढून अजिंठा गावात गेलो. इथल्या बारादरीत गिल राहत असे. गावातच त्याची सोबतीण पारो हिची कबर आहे, दगडावर तारीख 23 मे 1856. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे ही दोघं मराठी वाचकाला घरच्यासारखी झाली.

क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा गिल बासष्ट वर्षांचा होता. त्यानं पुन्हा रंग कालवले. एप्रिल 1879 मध्ये तो गेला आणि भुसावळला पुरला गेला. दुसऱ्या दिवशी मी तिथल्या ख्रिश्चन दफनभूमीत जाऊन आलो.

परतीच्या गाडीत शेजारच्या काकांनी विचारलं, “भुसावळला कोणाकडे गेला होता भाऊ?”

“एका चित्रकाराकडे.”

“मग, भेटले का घरी?”

“भेटले. मुक्काम तिथंच आहे त्यांचा.”

काकांनी समाधानानं मान हलवली आणि बोदवड आलं म्हणून पिशवी उचलली.