'राहो' नावाचा मुलगा

तुर्की शिकताना माझं पहिलंच भाषांतर दोन शब्दांवर अडलं. 'देनिझ गेल्दी.' देनिझ म्हणजे समुद्र, आणि ते माणसाचं नावही. गेल्दी म्हणजे आला. की आली? हे नाव तिथे मुलाचं असतं तसं मुलीचंही. सर्वनामाचीही मदत नाही, कारण तो, ती, ते या तिघांना तुर्कीत मिळून एकच 'ओ'. आपल्याला दगड आणि वाळूचंही लिंग ठाऊक असावं लागतं. वहीत 'देनिझ आल' एवढं लिहून मी थांबले. पुढे काना द्यायचा की वेलांटी, हे सांगणारं त्या वाक्यात काहीच नव्हतं.

मग मी नावंच गोळा करू लागले. तोप्राक म्हणजे माती, बुलुत म्हणजे ढग, इर्माक म्हणजे नदी. पावसाच्या नावाच्या मुली असतात, यामुर. ते लिहिताना मध्ये एक 'ग' येतो, डोक्यावर आपल्या 'ॲ'सारखा अर्धचंद्र घेतलेला. तो उच्चारायचा नाही, आधीचा स्वर तेवढा लांबवायचा: याऽमुर. मुलीला हाक मारावी आणि दूर डोंगरावर सर यावी, असा तो आवाज.

आडनावं मात्र तिथे उशिरा आली. १९३४च्या कायद्यानं प्रत्येकाला आडनाव घ्यावं लागलं. मुस्तफा कमाल यांना संसदेनं 'अतातुर्क' हे आडनाव दिलं, ते दुसऱ्या कुणाला लावता येत नाही. इस्मत पाशांचं आडनाव झालं इनोनू, त्यांनी १९२१मध्ये जिथे लढाई जिंकली त्या गावाचं. कादंबरीकार ओरहान पामुक यांच्या आडनावाचा अर्थ तर साधा कापूस.

पण मन गुंतलं ते जुन्या, खेड्यातल्या नावांत. दुर्सुन म्हणजे 'राहो'. आधीची मुलं हाती लागली नाहीत, निदान हे तरी राहो. यशार म्हणजे 'जगतो'. ही नावं नव्हेत, देवापुढे धरलेला पदर आहे. आपल्याकडच्या धोंडू, दगडू, भिकाजी या नावांमागेही हाच धसका. काळानं दगड समजून पुढे जावं, एवढीच त्या आईची मागणी.

आणि येतेर. म्हणजे 'पुरे'. मुलींवर मुली झाल्या की शेवटचीला हे नाव देत. ते वाचताना मला आपली नकुशी आठवली. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक नकुशींना समारंभानं नवी नावं दिली गेली.

दुर्सुनला हाक मारताना त्याची आई रोज प्रार्थना करते. येतेरला हाक मारताना मात्र तिला रोज 'पुरे' म्हटलं जातं. पाळण्यापाशी नाव ठरवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की ती हाक त्या लेकराला जन्मभर ऐकायची आहे.