खरं एकोणीस

चि. सोनी,



दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून मगच तू फडावर गेलीस, हे बरं केलंस. आता दुसऱ्या कागदाचं लिहिते. फोन आबांच्या खिशात असतो, म्हणून ही चिठ्ठी.

आबा सगळ्यांना सांगतात, 'पोरीचं मिटवलं, बॉण्डवर फारकत घेतली.' सोनी, काही मिटलेलं नाही. चार पंचांच्या सह्यांनी लग्न सुटत नाही, त्याला कोर्ट लागतं. मी विधी सेवा प्राधिकरणातल्या वकीलबाईंना भेटून आले. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो. त्या म्हणाल्या, 2006च्या बालविवाहाच्या कायद्यानं तुला हे लग्न रद्दच करून घेता येतं. रद्द झालं तरी तुझी लेक औरसच राहते. तिचा ताबा, तिचा खर्च कोर्ट ठरवतं. दुसरं लग्न होईपर्यंत तुला पोटगीही मागता येते. अर्ज मात्र वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत गेला पाहिजे. तुझ्या हातात तीन महिने आहेत.

तिकडचा वकील वयावरच बोट ठेवणार, कारण बाळंतपणाच्या कागदावर तू तेव्हाच एकोणीस वर्षांची आहेस. दवाखान्याच्या दारात सासूनं तुला पढवलं होतं. सोळा म्हटलं असतं तर पोलिसांना कळवावं लागलं असतं. तू मान खाली घालून 'एकोणीस' म्हणालीस आणि मी दुपटं हातात घेऊन गप्प उभी राहिले. ते एकोणीस आता कुठे खरं झालंय.

खरी तारीख माझ्याकडे आहे. अंगणवाडीच्या रजिस्टरात तुझं नाव मीच लिहिलं होतं, वजन 2 किलो 300 ग्रॅम. तरी नववीत तुझं लग्न ठरलं तेव्हा ग्रामसेवकाला मी कळवलं नाही. आई-आबा सहा महिने ऊसतोडीला, आजी थकलेली, पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? तिकडे मुलाला बायको आली की मुकादम पूर्ण कोयत्याची उचल देणार. सगळं मला कळत होतं, आणि मी अक्षता टाकल्या. बाळंतपणानंतर तुला मोळी उचलवेना, तेव्हा त्यांनी पुढच्या हंगामाला दुसरी बायको आणली. तू माहेरी आलीस आणि आबांबरोबर पुन्हा कोयत्यावर गेलीस.

पुढे आमच्या अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात 2019-21च्या पाहणीचा आकडा सांगितला. बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली. मीही मान खाली घालून लिहून घेतला.

आबांना कोर्टाची भीती वाटते ती उगाच नाही. असं लग्न लावणाऱ्याला कायद्यात शिक्षा आहे. हजर राहणाऱ्यालाही आहे, म्हणजे मलाही. तरी साक्षीला माझं नाव दे. आबा बोलणं टाकतील, ते मी बघून घेईन.

रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स सोबत आहे. शाळेतून दाखला तुला स्वतः काढावा लागेल. टोळीतलं कुणी गावाकडे निघालं की लेकीला घेऊन ये. ती आता तीन वर्षांची झाली, अंगणवाडीत बसेल. दुपारची खिचडी खाईल. तोवर आपण दोघी बीडला जाऊन येऊ.

तुझी,
काकू