बुडणारा दगड, तरणारा दगड: कर्म, रक्षण आणि ध्यान यांचा लेण्यांतला इतिहास

१/ औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या क्रमांकाच्या लेण्यात, आत जाणाऱ्या दाराशेजारी, एक मोठा शिल्पपट आहे. काळ साधारण इ.स.चे सहावे शतक. मध्यभागी बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार छोटे प्रसंग आहेत: आग, उगारलेली तलवार, बेड्या, बुडती नौका, सिंह, साप, मत्त हत्ती आणि शेवटी मृत्यू. संकटात सापडलेली माणसे त्याचा धावा करीत आहेत.

२/ हा पट पाहणाऱ्या अभ्यासकाला एक प्रश्न हमखास पडतो. बौद्ध विचार म्हणजे कर्माचा विचार. ज्याने जे केले त्याचे फळ त्याच्याच वाट्याला येते. ते कोणी वाटून घेऊ शकत नाही, टाळूही शकत नाही. मग हाकेला धावून येणारा हा रक्षणकर्ता लेण्याच्या दारात कसा येऊन उभा राहिला?

३/ प्रथम त्या आठ भयांची यादी नीट पाहावी. तीत दारिद्र्य नाही, दुष्काळ नाही, रोगराई नाही. वाटमारी, तुरुंग, वणवा, श्वापदे आणि समुद्र हीच भये आहेत. ही घरात बसलेल्या माणसाची यादी नव्हे. ही सार्थवाहाची, म्हणजे व्यापारी तांड्याच्या प्रमुखाची यादी आहे. पैठण, तेर, जुन्नर आणि नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याकडे जाणाऱ्या वाटा ज्यांनी तुडवल्या, त्यांची रात्रीची झोप उडवणारी ही संकटे.

४/ म्हणूनच अजिंठ्याच्या चौथ्या लेण्यातही असाच पट आढळतो आणि कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण आणि सोपारा येथील दात्यांचा उल्लेख येतो. बंदरातून निघालेली गलबते परत येतील की नाही, याची शाश्वती कोणालाच नसे. त्या अनिश्चिततेतून हा पट घडला.

५/ आता मूळ शिकवणीकडे वळू. पाली संयुत्तनिकायात असिबंधकपुत्त नावाच्या एका गावप्रमुखाची कथा आहे. तो नालंदेत बुद्धाला विचारतो: काही पुरोहित म्हणे मेलेल्या माणसाला मंत्रांनी स्वर्गात पाठवतात. भगवंतांना सगळ्या जगासाठी तसे करता येणार नाही का?

६/ बुद्ध उलट प्रश्न विचारतो. एखाद्याने खोल डोहात मोठा धोंडा टाकला आणि काठावर जमलेल्या लोकांनी हात जोडून 'धोंड्या, वर ये' अशी विनवणी केली, तर तो वर येईल काय? आणि तुपाचे मडके पाण्यात फुटले तर खापऱ्या तळाला जातील, तूप वर तरंगेल. त्याला 'बुडून जा' म्हणून किती विनवले तरी ते बुडेल काय? हिंसा आणि चोरी करणाऱ्याची गती धोंड्यासारखी, सदाचाऱ्याची तुपासारखी. प्रार्थनेने ती बदलत नाही.

७/ येथे विषय संपला असे वाटते. पण काही शतकांनंतर तोच दगड पुन्हा पाण्यात पडतो. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात यवन राजा मिलिंद, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातला मिनँडर, भिक्षू नागसेनाला अडवतो. शंभर वर्षे पाप केलेला माणूस मरताना बुद्धाचे स्मरण करून सद्गतीला जातो, असे तुम्ही म्हणता. हे कसे पटावे?

८/ नागसेन विचारतो: महाराज, लहानसा खडा नावेशिवाय पाण्यावर तरंगेल काय? नाही. आणि शंभर गाड्या दगड नावेत घातले तर? तरतील. मग कुशल कर्म म्हणजे ती नाव समजावी. दगडाचे वजन घटले नाही, पाण्याचा स्वभावही बदलला नाही. दगडाखाली काहीतरी आले, एवढाच फरक. असिबंधकपुत्ताच्या कथेत लोक काठावर उभे राहून दगडाला विनवत होते. येथे कोणीतरी नाव बांधली आहे.

९/ तरीही मिलिंद हट्ट सोडत नाही. मृत्यूच्या पाशातून सुटायला आकाशात, समुद्रात वा डोंगराच्या कपारीत कोठेही जागा नाही, असे बुद्धवचन आहे. मग 'परित्त' कशासाठी म्हणता? परित्त म्हणजे रक्षणासाठी म्हणायची सूत्रे. महाराष्ट्रातील बौद्ध घरांत आजही 'परित्राण पाठ' होतो, तो याच परंपरेतला.

१०/ नागसेनाचे उत्तर अत्यंत सावध आहे. ज्याचे आयुष्य सरले त्याला परित्त वाचवत नाही. वाळून गेलेल्या झाडाला कितीही पाणी घातले तरी पालवी फुटत नाही. शिवाय तीन गोष्टी आड आल्या तर परित्त निष्फळ ठरते: कर्माचा अडथळा, मनातल्या विकारांचा अडथळा आणि अश्रद्धेचा अडथळा. म्हणजे सूत्र हा ताईत नव्हे. म्हणणाऱ्याचे मन आणि आचरण त्याच्याबरोबर हवे.

११/ पण सारेच दुःख पूर्वकर्माचे असेल, तर रक्षणाचा कोणताही प्रयत्न व्यर्थ नाही का? या ठिकाणी एक सूत्र फार महत्त्वाचे आहे आणि लोकप्रिय चर्चेत ते बहुधा विसरले जाते. मोलिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही जण म्हणतात. आपले मत काय?

१२/ बुद्ध हे मत नाकारतो. वेदनेची आठ कारणे तो सांगतो: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संनिपात, ऋतूतला बदल, स्वतःची हेळसांड, दुसऱ्याने केलेला आघात आणि आठवे कर्मविपाक. आठांत एक. ज्याला ताप आला, ज्याच्यावर दरोडा पडला, त्याने गतजन्मी पाप केले असेलच असे मानणे हा बुद्धाच्या मते अनुभवालाही सोडून आणि लोकमान्य सत्यालाही सोडून केलेला अतिरेक.

१३/ रक्षणाला जागा मिळते ती येथे. साप चावला तर तो ऋतूचा, वाटेचा, बेसावधपणाचाही भाग असू शकतो आणि त्यावर काही करता येते. विनयपिटकात एक भिक्षू सर्पदंशाने मरतो. बुद्ध म्हणतो, त्याने सर्पांच्या चार राजकुळांविषयी मनात मैत्री धरली नव्हती. त्यातून 'खंधपरित्त' आले. पाय असलेल्या, पाय नसलेल्या, सगळ्या जिवांविषयी मैत्रीभाव बाळगण्याचा तो पाठ आहे. सापाला मारण्याचा मंत्र त्यात नाही.

१४/ सह्याद्रीच्या पावसाळ्यात हे किती व्यावहारिक होते, याची कल्पना करता येते. वर्षावासाचे तीन महिने भिक्षू लेण्यांत राहत. खोली लहान, बसण्या-झोपण्यासाठी एक दगडी ओटा, बाहेर पाण्याची टाकी. रात्री काळोख आणि जंगलाचे आवाज. मैत्रीभावना हे तेथे ध्यानही होते आणि संरक्षणही. ज्याचे मन भीतीने सैरभैर झालेले नाही, त्याचा पाय जपून पडतो.

१५/ ध्यान म्हणजे केवळ स्वतःपुरती शांती, असा आक्षेप तेव्हाही असावा. त्याचे उत्तर डोंबाऱ्याच्या एका दृष्टान्तात मिळते. बांबूवरच्या कसरतीत गुरू शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, नको. तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो, म्हणजे दोघेही सुखरूप उतरू. बुद्ध शिष्याची बाजू घेतो आणि पुढे भर घालतो: स्मृतीच्या अभ्यासाने स्वतःला राखणारा दुसऱ्यालाही राखतो, आणि क्षमा, अहिंसा, मैत्री यांनी दुसऱ्याला राखणारा स्वतःलाही राखतो.

१६/ या विचाराला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एक चेहरा मिळाला: पूर्ण. 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथानुसार तो सूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. व्यापारी बापाला दासीपासून झालेला मुलगा. सहा सागरसफरी यशस्वी करून सातव्या सफरीवर असताना सहप्रवासी पहाटे काही गाताना त्याने ऐकले. गाणी सुंदर आहेत, असे तो म्हणाला. ही गाणी नव्हेत, बुद्धवचने आहेत, असे उत्तर आले. त्या एका उत्तराने त्याचे आयुष्य बदलले.

१७/ भिक्षू झाल्यावर पूर्णाने श्रोणापरांत या तापट लोकांच्या प्रदेशात जायचे ठरवले. बुद्धाने परीक्षा पाहिली. लोकांनी शिव्या दिल्या तर? मारले नाही, हे त्यांचे चांगुलपण मानीन. हाताने मारले तर? शस्त्र उचलले नाही, असे म्हणेन. ठारच केले तर? या देहाला कंटाळून शस्त्र शोधणारेही असतात; मला ते न शोधता मिळाले, असे समजेन. त्यावर बुद्धाने अनुमती दिली. या संवादात पूर्ण स्वतःसाठी कोणतेच रक्षण मागत नाही.

१८/ आणि नेमका हाच माणूस पुढे इतरांचा रक्षक होतो. त्याचा थोरला भाऊ भविल चंदनाच्या शोधात समुद्रावर जातो. यक्षाच्या कोपाने वादळ उठते, व्यापारी एकेका देवाला हाका मारतात आणि शेवटी भविलाला पूर्णाची आठवण येते. पूर्ण ध्यानस्थ होतो, नौकेच्या काठावर पद्मासनात प्रकटतो आणि वादळ परतते. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या भिंतीवर ही कथा नौकेसह चितारली आहे. वाचलेल्या चंदनातून सोपाऱ्यात बुद्धासाठी प्रासाद उभारला गेला, असे कथा सांगते.

१९/ कथेला जमिनीचा आधार किती? १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आत दगडी पेटी निघाली; तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, बुद्धांच्या कांस्यमूर्ती आणि मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. त्याच गावात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. यातून पूर्णाचा चमत्कार सिद्ध होत नाही. पण मातीच्या पात्राचे तुकडे इतक्या जिव्हाळ्याने जपणारे गाव येथे होते, हे निश्चित.

२०/ समुद्रावरचे भय कल्पित नव्हते, याचा साक्षीदार चिनी भिक्षू फाहियान. इ.स. ४११ मध्ये तो सिंहलद्वीपाहून परतीला निघाला. वादळात नौकेला गळती लागली. त्याने आपले भांडेकुंडे समुद्रात टाकले, पोथ्या मात्र उराशी धरल्या आणि अवलोकितेश्वराचा धावा केला. पुढच्या नौकेवर पुन्हा वादळ आले तेव्हा काही प्रवासी म्हणाले, या श्रमणामुळेच हे ओढवले. त्याला एखाद्या बेटावर सोडून द्या.

२१/ त्या वेळी फाहियानाचा दाता पुढे सरसावला. याला उतरवणार असाल तर मलाही उतरवा, नाहीतर ठार मारा. अन्यथा चीनच्या राजाला सांगेन, असे त्याने बजावले. फाहियान वाचला. करुणा आकाशातून उतरली की शेजारच्या माणसाच्या तोंडून बोलली, याची वाटणी त्याने केली नसावी. औरंगाबादच्या शिल्पकारानेही ती केली असेल असे वाटत नाही.

२२/ लेण्यांतले दानलेखही हीच दिशा दाखवतात. अजिंठ्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे घडवले; त्याचे पुण्य त्याने मातापित्यांना उद्देशून वाहिले. याच काळातल्या अनेक छोट्या दानलेखांत पुण्य सर्व प्राणिमात्रांना श्रेष्ठ ज्ञान मिळावे म्हणून दिलेले आहे. कर्म ज्याचे त्याचे, हे या दात्यांना ठाऊक होते. तरीही फळ स्वतःपाशी ठेवण्याची त्यांची इच्छा नव्हती. दगडांसाठी नाव बांधायची ती अशी.

२३/ कर्माचा अर्थ हा केवळ प्राचीन वाद नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेणाऱ्या लाखो लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले होते की तुमची अवस्था हे तुमच्या गतजन्मीचे फळ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा अर्थ ठामपणे फेटाळला. अशा सिद्धान्ताने समाज आणि राज्यसंस्था यांना आपली जबाबदारी झटकता येते, हे त्यांनी दाखवले. कर्म म्हणजे जगाची नैतिक व्यवस्था. आणि ती माणसांच्या आजच्या कृतींवर उभी आहे.

२४/ बोधिसत्त्वाचा धावा आंबेडकरांच्या मांडणीत नाही आणि पुनर्जन्माविषयीची त्यांची भूमिका जुन्या ग्रंथांहून वेगळी आहे. पण सीवकाला दिलेल्या उत्तराशी त्यांचा प्रश्न येऊन मिळतो. 'दुसऱ्याने केलेला आघात' हे आठांतले एक वेगळे कारण आहे. ते पीडिताच्या कर्मखात्यावर टाकता येत नाही.

२५/ म्हणून लेण्याच्या दारातला अवलोकितेश्वर कर्मविचाराचा पराभव दाखवत नाही. विनवणीने दगड तरत नाही, हे तेव्हाही सर्वमान्य होते. मैत्री, दान, सावध मन आणि संकटात 'याला उतरवाल तर मलाही उतरवा' म्हणणारा शेजारी, या फळ्यांची नाव बांधता येते, एवढेच या परंपरेने पिढ्यान्‌पिढ्या सांगितले. ज्यांची गलबते कल्याण-सोपाऱ्याला परतली नाहीत, त्यांच्याही आप्तांनी डोंगरात दान दिले असेल. ते पुण्य त्यांनी कोणाच्या नावे लिहिले असेल, हे आता सांगण्याची गरज नाही.

(धागा समाप्त)