खालूंचा गेम बॉय

कोल्हापूरहून गडहिंग्लजला निघालेली एसटी कागलच्या पुढे कर्नाटकात शिरते. निपाणी, संकेश्वर मागे पडतं आणि गाडी परत महाराष्ट्रात येते. लहानपणी या रस्त्यावर अम्मी आम्हाला दुकानांच्या पाट्या वाचायला लावायची. कन्नड पाट्या संपून मराठी पाट्या दिसू लागल्या की खालाचं घर जवळ आलं, हे कळायचं. हिरण्यकेशीच्या काठचं हे गाव मिरचीच्या बाजारासाठी आणि फुटबॉलच्या वेडासाठी ओळखलं जातं. मिरचीच्या हंगामात बाजाराच्या बाजूने गेलं की सलाम करण्याआधी शिंका येतात.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत गेले, तेव्हा खालाच्या घरात वेगळाच ठसका लागला होता. खालू जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची लोखंडी पेटी उघडली, तर सौदीचे जुने कागद, एक अत्तराची रिकामी बाटली आणि रुमालात गुंडाळलेला करड्या रंगाचा जाडजूड खेळ निघाला. खालू दम्मामला कामाला होते. इराकने कुवेतवर हल्ला केला त्या वर्षी, म्हणजे 1990 साली, सुट्टीवर येताना त्यांनी हा निन्टेंडोचा गेम बॉय आणला होता. सोबत टेट्रिसची एक कार्ट्रिज.

खालाचा नातू अकरावीत आहे. त्याने मोबाइलवर शोधाशोध केली आणि घरभर सांगत सुटला, "दादीअम्मा, याचे लाख रुपये येतात!" तिकडे जुन्या वस्तू घेणारा एक माणूस दारात येऊन आठशे रुपये देतो म्हणून गेला होता. आठशे आणि लाख यांच्या मधलं खरं काय, हे मास्तरीणबाईंनी सांगावं, असं ठरलं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, यंत्रं नव्हे. पण चार दिवस वाचलं, कोल्हापुरात एका दुरुस्तीवाल्याला विचारलं. जे समजलं ते इथे देते, कारण आखाती देशांतून आलेल्या अशा पेट्या आपल्या पुष्कळ घरांत आहेत.

खिशात मावणारे हे खेळ निन्टेंडोने 1980 साली 'गेम अँड वॉच' या नावाने सुरू केले. ते करणारे इंजिनिअर गुन्पेई योकोई. आगगाडीत एक कंटाळलेला माणूस कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांनी पाहिला आणि त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. 1989 मध्ये त्यांच्याच हाताखाली गेम बॉय तयार झाला. जपानात त्याची किंमत 12,500 येन होती, अमेरिकेत सुमारे 90 डॉलर. हिरवट पडदा, चार पेन्सिल सेल, रंग नाहीत. तरीही तो आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून जगभर जवळजवळ 11 कोटी 87 लाख विकले गेले.

किंमतीची पहिली गाठ इथेच सुटते. जी वस्तू कोट्यवधी घरांत गेली, ती जुनी झाली तरी दुर्मीळ होत नाही. टेट्रिस हा मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी 1984 साली केलेला खेळ. अमेरिका-युरोपात तो गेम बॉयसोबतच मिळायचा, म्हणून त्याची कार्ट्रिज सगळ्यांत जास्त सापडते आणि सगळ्यांत स्वस्त जाते. ज्या खेळावर सगळ्यांचा जीव, त्यालाच भाव कमी. बाजार प्रेम मोजत नाही, टंचाई मोजतो.

दुसरी गोष्ट अवस्थेची. संग्राहक आधी खोकं विचारतो, मग माहितीपुस्तिका. मागचं सेलचं झाकण मूळचं आहे का, पडद्यावर उभ्या रेघा गायब झाल्यात का, तीन पाकळ्यांचे स्क्रू कुणी खरवडलेत का, हे बघतो. नकली कार्ट्रिज खूप आहेत, त्यामुळे लेबलही निरखतो. खोक्यासह नीट जपलेला एक आणि नुसता एक, यांच्या किंमतीत कितीतरी अंतर पडतं. आपल्याकडे 9999 खेळांचा म्हणून जत्रेत मिळणारा ब्रिक गेम कितीही जुना असला तरी त्याला संग्राहक फारसे विचारत नाहीत.

तिसरी गोष्ट मी नातवाला फळ्यावर लिहावी तशी समजावली. मोबाइलवर दिसतो तो मागितलेला भाव. खरा भाव म्हणजे ज्या पैशाला वस्तू विकली गेली तो. संकेश्वरी मिरचीला कुणी क्विंटलला वाटेल तो आकडा सांगेल. पट्टी कितीची झाली, ते महत्त्वाचं. 2021 साली अमेरिकेत 'सुपर मारिओ 64' ची एक सीलबंद प्रत लिलावात 15 लाख 60 हजार डॉलरला गेली. अशा बातम्यांमुळे प्रत्येकाला आपल्या पेटीत खजिना दिसतो. पण ती प्रत कुणी उघडलीच नव्हती. आपला गेम बॉय दोन भावांनी पाच वर्षं रगडला होता. खोकं नाही, सेल आतच राहून गळलेले. चालू झाला तर चार आकडी रक्कम येईल, लाख नाही.

नातवाचा चेहरा उतरला. त्याला नवा मोबाइल हवा होता. "मग चार आकडी तर चार आकडी," तो म्हणाला.

तेव्हा खाला पहिल्यांदा बोलली, "पन ये तेरा है क्या रे?"

घर शांत झालं. जाणाऱ्याच्या सुईलाही वारस असतात, असं आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात. शेताची, घराची वाटणी झाली होती. या खेळाकडे कुणी तर्का म्हणून बघितलंच नव्हतं. खाला, दोन मुलगे आणि एक मुलगी, चौघांचा त्यात हिस्सा होता. नातवाचा नव्हता.

माझी मावसबहीण, खालाची ती मुलगी, त्या दिवशी निपाणीहून आली होती. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मला कधी हातात मिळाला नाही. सेल संपतात म्हणायचे. मी मागे उभी राहून बघायची." हसत म्हणाली, पण भावांनी मान खाली घातली.

दुरुस्तीवाल्याने सांगितल्याप्रमाणे मी सिरक्यात भिजवलेल्या कापसाने सेलच्या पट्ट्यांवरचा पांढरा-हिरवट थर काढला, पुसून सुकवलं आणि नवे सेल घातले. पडद्याच्या कडेला दोन रेघा गेल्या होत्या, पण टेट्रिसची धून वाजली. आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात जळालेला एक गेम बॉय निन्टेंडोने न्यूयॉर्कच्या दुकानात बरीच वर्षं चालू स्थितीत मांडून ठेवला होता. त्याच दिवसांत दम्मामहून आलेला हा, दारच्या माणसाच्या हिशेबात आठशेचा, सेल घालताच जागा झाला.

दोन्ही भावांनी आपला हिस्सा बहिणीला सोडला. खालानेही सोडला. नातवाला खालू कुठल्या खोलीत राहायचे, किती माणसांत, हे कागद वाचून दाखवलं. तो बराच वेळ ते बघत बसला.

मी निघाले तेव्हा मावसबहीण ओट्यावर बसून खेळत होती. तिसऱ्याच मिनिटाला ठोकळे वरपर्यंत भरले. तिने पुन्हा सुरू केला. एसटीची वेळ झाली होती, पण "जरा थांब" म्हणाली, आणि मी थांबले.