शिखरजीची वाट आणि सहा तासांची अट

मधुबनच्या धर्मशाळेत आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. तासाभरात शिखरजीची वंदना आरंभायची होती. चढ, टोंकांची वंदना व उतार मिळून २७ किलोमीटर. डोली ठरलेली होती, परंतु शिणलेल्या थोरल्या वहिनींना बसवतही नव्हते.

पुण्याहून रांचीचे विमान साडेपाच तास उशिरा सुटले होते. प्रवासविमा होता, पण त्यात विलंबाची अट सहा तासांची! आयुष्यभर इतरांचे कर्जकरार ओळन् ओळ वाचणारा मी, स्वतःची पॉलिसी मात्र हप्ता पाहूनच घेतली होती.

यात्रेकरू डोंगराकडे निघून गेल्यावर ओसरीवर बसून ती प्रथमच नीट वाचली. प्रवाशाच्या आजारपणामुळे तिकीट रद्द झाल्यास भरपाई होती. विमान कंपनीचे दिवाळे निघाल्यास नव्हती. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी व गो फर्स्टची ३ मे २०२३ रोजी थांबली, तेव्हा तिकीटधारक धनकोंच्या रांगेत उभे राहिले होते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. शिवाय संकटाची वार्ता आल्यावर काढलेला विमा त्या संकटास सहसा लागू पडत नाही. तो तिकिटाबरोबरच घ्यावा. पेढीवरून माल रवाना होण्याआधी आपण उतरवतो, तसा.

मुक्काम एक दिवस वाढवला. परतीची तिकिटे बुडाली, डोलीचा इसारही. दुसऱ्या पहाटे वहिनी डोलीत बसल्या. पार्श्वनाथ टोंकापर्यंत त्यांनी खर्च विचारला नाही, मीही सांगितला नाही.