ड्युरँगोची इंजिने

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ड्युरँगो नावाचे गाव आहे. 1880 साली एका रेल्वे कंपनीने ते वसवले. गावाआधी रेल्वेचा नकाशा तयार होता, घरे नंतर आली. आजही या गावात सकाळी आठच्या सुमारास वाफेची शिट्टी वाजते, डोंगरांवर आपटून परत येते, आणि पिवळ्या रंगाच्या डब्यांची एक गाडी अनिमास नदीच्या काठाने सिल्व्हरटन नावाच्या जुन्या खाणगावाकडे निघते. अंतर 45 मैल, म्हणजे साधारण 72 किलोमीटर. वेळ साडेतीन तास. एवढ्या वेळात आपली साधी पॅसेंजरही याच्या दुप्पट पुढे जाईल, पण इथे घाई कोणालाच नसते.

आमची लेक आणि जावई अल्बुकर्कीला राहतात. तिथून ड्युरँगो मोटारीने चारेक तासांवर. गेल्या जूनमध्ये त्यांच्याकडे गेलो तेव्हा नातवाने हट्ट धरला, "नाना, नानी, स्टीम इंजिन बघायला चला." खरे तर हट्ट करायची गरज नव्हती. आमच्यापैकी एकाचे वडील, म्हणजे दुसऱ्याचे सासरे, भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. कोळशाच्या धुराचा वास आमच्या घरात अब्बांच्या कपड्यांबरोबर येत असे आणि अम्मीने कितीही धुतले तरी पूर्ण जात नसे. तेव्हा नातवापेक्षा आम्हीच जास्त उत्सुक होतो.

या रेल्वेचे मूळ नाव डेन्व्हर अँड रिओ ग्रांड. जनरल विल्यम जॅक्सन पामर यांनी ती 1870 साली सुरू केली. अमेरिकेत रुळांमधले ठरलेले अंतर 4 फूट साडेआठ इंच. पामर यांनी फक्त 3 फुटांचे रूळ टाकले. कारण उघड होते. डोंगराच्या कडेने जाताना अरुंद गाडीला अरुंद वाट पुरते, वळणे आवळून घेता येतात, खडक कमी फोडावा लागतो आणि पैसा वाचतो. आपल्याकडची बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटांची होती. माथेरानची गाडी तर दोनच फुटांची, जी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून 1907 साली उभी राहिली. डोंगराने घातलेले कोडे सगळीकडे सारखेच, आणि उत्तरही सारखेच निघाले. फरक इतकाच की माथेरानला लोक हवा खायला जात, आणि सिल्व्हरटनला गाडी गेली ती चांदीसाठी.

त्या चांदीची गोष्ट सरळ नाही. सान हुआन नावाचे हे डोंगर यूट आदिवासींचे. 1873 साली एक करार झाला आणि त्यांना हा खनिजाचा मुलूख सोडावा लागला. त्यानंतर खाणवाले आले, त्यांच्या मागोमाग रूळ. 1881 च्या शरद ऋतूत ड्युरँगोहून काम सुरू झाले आणि जुलै 1882 मध्ये पहिली गाडी सिल्व्हरटनला पोचली. मधला हिवाळा बर्फाचा होता हे लक्षात घेतले तर कामगारांनी काय सोसले असेल याची कल्पना येते. पुढे 1893 मध्ये चांदीचे भाव कोसळले, तरी सोने, शिसे, जस्त यांवर खाणी रडतखडत चालू राहिल्या. शेवटची मोठी खाण 1991 साली बंद झाली. पण खाणींचे विष बंद झाले नाही. ऑगस्ट 2015 मध्ये सिल्व्हरटनच्या वर एका जुन्या खाणीत साचलेले सुमारे 30 लाख गॅलन गढूळ पाणी फुटून बाहेर आले आणि ही अनिमास नदी काही दिवस नारिंगी वाहत होती. गाडीतून दिसणारे पाणी आता हिरवेगार, काचेसारखे आहे. पण ही गोष्ट माहीत असली की नजर तळाकडे जातेच.

आता इंजिनांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. इथली मुख्य इंजिने 'के-36' या जातीची. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याने 1925 साली अशी दहा इंजिने बांधली, क्रमांक 480 ते 489. त्यांतले 485 एका फिरत्या चकतीच्या खड्ड्यात पडून गेले. उरलेली नऊही शाबूत आहेत. चार ड्युरँगोला, पाच न्यू मेक्सिकोतल्या चामा गावी. शंभर वर्षांत दहातले एकच गमवावे, हे कोणत्याही यंत्राच्या बाबतीत दुर्मिळच. नावातला 36 हा आकडा इंजिनाच्या ओढीचा आहे, साधारण 36 हजार पौंड.

चाकांची मांडणी अशी : पुढे दोन लहान, मध्ये आठ मोठी, मागे पुन्हा दोन लहान. या मांडणीला जगभर 'मिकाडो' म्हणतात. 1897 मध्ये बाल्डविनने जपानच्या रेल्वेला अशी इंजिने पाठवली, म्हणून जपानी सम्राटाची पदवीच त्यांना चिकटली. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई पेटली तेव्हा काही अमेरिकन रेल्वेवाल्यांनी तेच नाव बदलून 'मॅकआर्थर' केले. इंजिन तेच, फक्त बारसे नवे! आपल्या मालगाड्यांना जुंपलेले डब्ल्यूजी इंजिनही याच मांडणीचे. आणि 1947 साली भारतात आलेल्या डब्ल्यूपी जातीच्या पहिल्या सोळा इंजिनांवर याच बाल्डविन कारखान्याची पाटी होती. निमुळत्या नाकाचे, मेलगाड्या ओढणारे ते डब्ल्यूपी पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल.

के-36 मध्ये एक गोष्ट मात्र वेगळी. तीन फुटांच्या रुळांवर एवढा मोठा बॉयलर आणि भट्टी बसवायची, तर चाकांच्या आतल्या अंगाला जागाच उरत नाही. म्हणून इंजिनाचा लोखंडी सांगाडा चाकांच्या बाहेरून घेतला आहे आणि दांडे, वजनाचे गोळे सगळे त्याच्याही बाहेर. चालू लागले की चाके फारशी दिसतच नाहीत; दिसतात ती खालीवर फिरणारी काळी वजने. नातू म्हणाला, "हे तर कोपरांनी चालतंय." आम्हाला याहून चांगले वर्णन सुचले नाही.

त्यांच्याहून दोन वर्षांनी थोरली 'के-28' इंजिने होती, 1923 ची, तीही दहाच. 1942 साली सैन्याने त्यांतली सात उचलून अलास्काच्या बाजूच्या रेल्वेवर नेली. ती परत आली नाहीत, युद्धानंतर मोडीत निघाली. उरलेली तीन ड्युरँगोलाच आहेत.

बाकी अमेरिकेने वाफ सोडली तरी ही इंजिने वाचली कशी? आमच्या मते याचे श्रेय कोणाच्या प्रेमाइतकेच कंपनीच्या कंजुषीला द्यायला हवे. रेल्वेने आपले मोठे मार्ग रुंद केले, त्यांवर डिझेल आणले; पण या कोपऱ्यातल्या अरुंद मार्गावर नवा पैसा घालणे तिला परवडणारे नव्हते. जुनी इंजिनेच ठोकून-ठाकून चालवत राहिली. तोवर पर्यटक येऊ लागले, हॉलिवूडवालेही आले. 1956 चा 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' इथे चित्रित झाला. 1968 नंतर मालगाड्या बंद झाल्या, मधले रूळ उखडले गेले आणि एका रेल्वेचे दोन तुकडे उरले. पूर्वेचा 64 मैलांचा तुकडा 1970 साली कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांनी मिळून विकत घेतला, तो दहा हजार फुटांवरच्या कंब्रेस खिंडीतून जातो. पश्चिमेचा, म्हणजे ड्युरँगोचा, 1981 मध्ये एका खाजगी मालकाकडे गेला. 1989 च्या फेब्रुवारीत इथल्या इंजिनघराला आग लागली, आत सहा इंजिने होती. छप्पर गेले, इंजिने वाचली. लोखंडाचा जीव चिवट असतो.

पण एका आगीने या गावाचे आणि गाडीचे नातेच बदलून टाकले. 1 जून 2018 रोजी ड्युरँगोच्या उत्तरेला, रुळांच्या जवळच वणवा पेटला. वर्ष कोरडे होते. सुमारे 54 हजार एकर जंगल जळाले. गाडी जवळजवळ सहा आठवडे बंद राहिली, गावातली हॉटेले ऐन हंगामात ओस पडली. मग पाऊस आला तसा जळक्या उतारांवरून राख आणि चिखलाचा लोंढा घरांत, रस्त्यांवर उतरला. सरकारी तपासाचा निष्कर्ष असा, की कोळशाच्या इंजिनातून उडालेल्या निखाऱ्याने ही आग लागली. केंद्र सरकारने रेल्वेवर दावा लावला, गावातले रहिवासी आणि दुकानदारही कोर्टात गेले. शेवटी 2022 मध्ये सरकारशी 2 कोटी डॉलरवर समझोता झाला.

दावा लावणारे हे दुकानदार कोण? ज्यांचा धंदा या गाडीवरच चालतो तेच. ज्या हाताने खाऊ घातले त्याच हाताने घर पेटवले, अशी गत. कॉफीच्या दुकानात आम्ही एका बाईंकडे हा विषय काढला. गाडी बंद व्हावी असे त्यांना मुळीच वाटत नव्हते, पण त्या उन्हाळ्याचा धूर आठवला की अजून घसा खवखवतो, असे त्या म्हणाल्या. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या आणि आम्हाला त्यांत विसंगती वाटली नाही.

यावर रेल्वेने काढलेला तोडगा म्हणजे तेल. एकेक इंजिन कोळशावरून तेलावर आणायचे. भट्टीत कोळशाच्या जाळीऐवजी तेलाचा फवारा, विटांचे अस्तर, बाजूला झडपा. तेलातून जळते निखारे उडत नाहीत. शिवाय वणव्याच्या दिवसांसाठी डिझेल इंजिनेही घेतली. आमच्या गाडीला लागलेले इंजिन तेलावरचेच होते. वाफ तीच, शिट्टी तीच, चढावर लागणारा दम तोच. वास मात्र वेगळा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. अब्बांच्या सदऱ्याचा वास तो नव्हता.

कोळशाच्या दिवसांत सिल्व्हरटनच्या एका फेरीला साधारण सहा टन कोळसा लागे आणि दहा हजार गॅलन पाणी. ते सहा टन एक माणूस फावड्याने भट्टीत घालत असे. नुसते ढकलायचे नसते ते. आग कुठे पातळ झाली, कुठे गोळा झाली, चढ किती पुढे आहे, हे पाहून प्रत्येक फावडे नेमक्या कोपऱ्यात फेकायचे. अब्बा सांगत, भट्टीचा रंग वाचता आला पाहिजे; पिवळा ठीक, लाल म्हणजे आग मरतेय, पांढरा म्हणजे शाबास. आता इथला फायरमन बसून झडप फिरवतो. संग्रहालयात भेटलेल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याला हे पसंत नव्हते. कोळशाशिवाय हे इंजिन म्हणजे फोटोतले इंजिन, असे त्यांचे मत. आम्हाला त्यांचे दुःख कळले, पण मत पटले नाही. जंगल आणि शेजाऱ्यांची घरे पणाला लावून जपायचा तो वास नव्हे. आणि अब्बांच्या कंबरेचे व छातीचे शेवटी काय झाले ते आम्ही पाहिले आहे. ते कसब थोर होते. म्हणून कोणाच्या मुलाने ते करावे असे नाही.

गाडी मात्र बघण्यासारखी. हर्मोसा सोडले की चढ सुरू होतो आणि थोड्या वेळात तो प्रसिद्ध कडा येतो. एका बाजूला कापलेला खडक, हात बाहेर काढला तर लागेल इतका जवळ, आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली नदी. गाडी इथे मुंगीच्या पावलाने जाते. वळणावर पुढचे इंजिन खिडकीतून दिसू लागते, आपलीच गाडी आपल्याकडे वळून बघते आहे असे वाटते. मग दरी आत-आत जाते. रस्ता नाही, वीज नाही, फोन लागत नाही. एका ठिकाणी इंजिन पाणी प्यायला थांबले. चढणारे-उतरणारे गिर्यारोहक पाठीवर बोजे घेऊन रुळांच्या कडेला उभे; त्यांच्यासाठी ही गाडी म्हणजे एसटीच.

सिल्व्हरटन नऊ हजार तीनशे फुटांवर, वस्ती जेमतेम सहा-सातशे. रुंद रस्ता, लाकडी दर्शनी भिंतींची रंगीत दुकाने. गाडी आली की गाव जागे होते आणि दोन तासांनी गाडी गेली की पुन्हा झोपते. आम्ही बागेतल्या बाकावर लेकीने बांधून दिलेले खिमा-पराठे खाल्ले, जोहर आटोपली आणि परतीच्या शिट्टीआधी पुन्हा इंजिनापाशी जाऊन उभे राहिलो. तेलाची पिचकारी घेऊन एक तरुण मुलगी दांड्यांच्या सांध्यांत तेल सोडत होती, प्रत्येक सांध्यावर हाताचा मागचा भाग टेकवून गरम झालाय का ते पाहत होती.

या इंजिनांचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, ते ड्युरँगोच्या कार्यशाळेतच घडवतात. आणि कायदा असा, की 1,472 दिवस चालवल्यावर किंवा 15 वर्षे झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा, बॉयलर पूर्ण उघडून तपासायचा. आतल्या नळ्या काढून, पत्र्याची जाडी मोजून. शंभर वर्षांच्या इंजिनात मूळचे लोखंड किती उरले हा प्रश्न नातवाने तिथल्या माणसाला विचारला, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, पाटी तरी मूळची आहे.

जाणार असाल तर मे ते ऑक्टोबर हा काळ बरा. हिवाळ्यात गाडी सिल्व्हरटनपर्यंत न जाता अर्ध्या वाटेवरून परत येते. तिकीट आधी काढावे. जाताना उजव्या हाताची जागा घ्यावी, नदी त्या बाजूला दिसते. जूनमध्येही स्वेटर हवाच, आणि रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असेल तर उंचीबद्दल डॉक्टरांना विचारून निघावे. येताना साडेतीन तास पुन्हा तोच प्रवास नको असेल, तर एका बाजूने बसचीही सोय आहे. आम्ही दोन्ही बाजूंनी गाडीनेच आलो.